मागून येतेय ती

लग्न झाल्यापासून तिचा नवरा तिच्या पुढेच चालत आला होता. मुद्दाम नव्हे, त्याचे पायच तसे. भाजी आणायला दोघं निघाली तरी हा नाक्यावर पोचलेला असायचा आणि ही अजून दाराला कुलूप घालत असायची. जन्मभर त्याने लिफ्टा दुरुस्त केल्या. अर्ध्या शहराला वरखाली नेणारी यंत्रं त्याच्या हातून चालू राहिली, पण स्वतः तो कायम जिन्याने जायचा. "मी आत अडकलो तर मला काढायला कोण येईल?" असं वर विचारायचा.

ती एका ड्रायक्लीनच्या दुकानात मागच्या खोलीत बसायची. रफू, उसवलेली शिवण, पँटी आखूड करणं, झिपा बदलणं. खोलीला एकच खिडकी, तीही गल्लीत उघडणारी. डोक्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कोट टांगलेले आणि पलीकडून वाफेच्या इस्त्रीचा फस्स असा आवाज दिवसभर. तिथे बसून बसून तिची मान आखडली होती आणि सुई ओवताना डोळे बारीक करायची सवय लागली होती.

नवरा निवृत्त झाला, लेक लग्न होऊन लांब गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. मग एक दिवस त्याने स्वयंपाकघरातल्या भिंतीवर एक नकाशा चिकटवला. डोंगरांच्या रांगांमधून जाणारी लांब पल्ल्याची पायवाट. चालणारे लोक ती महिनोन्महिने चालतात, पाठीवर घर घेऊन. नणंदेला कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "या वयात लोक गुडघे बदलतात. तुम्ही दोघं ते झिजवायला निघालात होय?"

तिला स्वतःलाही ते वेडच वाटलं होतं. पण त्या खोलीतून बाहेर पडायचं निमित्त कुणीतरी दिलं याचा तिला आनंदच झाला. तिने एकच अट घातली. "पुढे चाला हवं तेवढं, पण दिसत राहा. तुम्ही डोळ्याआड झालात की मी तिथेच बसून राहीन."

"कबूल," तो म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी डोळ्याआड झाला. ती खरोखरच एका दगडावर बसून राहिली. तासाभराने तो ओशाळं तोंड करून परत आला. त्यानंतर मात्र दर वळणावर थांबून तो काठी उंच धरायचा. काठी दिसली की ही चालायला लागायची. अशा रीतीने त्यांचं जमलं.

सुरुवातीचे आठवडे पायांना फोड आणि खांद्यांना वळ. नंतर अंग सरावलं. झाडांवर आणि कातळांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे मारलेले असायचे, ते बघत जायचं. संध्याकाळी एखादा निवारा गाठायचा: लाकडी भिंती, पत्र्याचं छप्पर, झोपायला फळ्या, कोपऱ्यात लोखंडी शेगडी. कधी आत चारपाच जण असायचे, कधी कुणीच नसायचं. तिची मान मोकळी झाली. लांबचं बघायची सवय लागली तसे डोळेही निवले. नवऱ्याच्या पोटाचा घेर गेला आणि तिने त्याच्या पँटची कंबर निवाऱ्यातल्या फळीवर बसून आवळून दिली.

मास्तर त्यांना भेटला तो अर्ध्याहून जास्त वाट सरल्यावर.

त्या दिवशी धुकं होतं. निवाऱ्याशी पोचली तेव्हा दोघंही चिंब होती आणि आतून चहाचा वास येत होता. दारात एक उंच, सडपातळ माणूस उभा होता. वय यांच्याच आसपासचं, केस नीट विंचरलेले, दाढी गुळगुळीत. महिनोन्महिने चालणाऱ्या माणसाची दाढी अशी नसते, हे तिच्या मनात येऊन गेलं.

"या, या. ओलं सगळं काढा आधी. चहा तयार आहे," तो म्हणाला.

तो शाळेत भूगोल शिकवायचा. "जन्मभर फळ्यावर डोंगर काढले. म्हटलं, आता खरे बघू." बोलणं इतकं लाघवी की नवऱ्याची आणि त्याची गट्टी पाच मिनिटांत जमली. लगेच नवरा त्याला मास्तर म्हणायला लागला आणि त्यालाही ते आवडलेलं दिसलं.

मास्तरने मगांमध्ये चहा ओतला. मग चार. एक तिच्या नवऱ्याला, एक तिला, एक स्वतःला. चौथा त्याने फळीच्या कडेला ठेवला आणि वर बशीसारखं एक झाकण ठेवलं.

"अजून कोणी आहे का?" तिने विचारलं.

"माझी बायको. मागून येतेय ती. चाल धीमी आहे तिची."

कोपऱ्यात दोन स्लीपिंग बॅगा शेजारी शेजारी अंथरलेल्या होत्या. दोघांचं सामान एकाच मोठ्या सॅकमध्ये होतं. तिची नजर तिकडे गेलेली बघून मास्तर म्हणाला, "ओझं मीच घेतो. तिला हलकं चालता यावं म्हणून."

"बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "याला म्हणतात नवरा."

तिघंही हसली. बाहेर अंधारून आलं. चहावर साय धरली आणि तो गार झाला. मास्तरची बायको काही आली नाही.

"आधीच्या निवाऱ्यात राहिली असेल," मास्तर शांतपणे म्हणाला. "हट्टी आहे. दमली की पुढे पाऊल टाकत नाही."

तिला तेव्हा पहिल्यांदा काहीतरी खटकलं. आधीच्या निवाऱ्यातून तर हीच दोघं सकाळी निघाली होती. रात्री तिथे यांच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. आणि दिवसभरात वाटेवर एकही बाई दिसली नव्हती.

"आम्ही तिथूनच आलो," ती म्हणाली. "आम्हाला कोणी भेटलं नाही."

मास्तर हसला. "ती वाटेवर कुठे असते? कुठे फूल बघेल, कुठे दगडाखाली वाकेल. तुम्ही तिच्या अंगावरून पुढे आला असाल आणि कळलंही नसेल."

नवऱ्याने मान डोलावली. "आमच्याकडे उलट आहे. मी पुढे आणि ही दगडावर." आणि पुन्हा दोघं हसले.

सकाळी तिने नवऱ्याला पाण्याच्या झऱ्यापाशी गाठलं. "अहो, मला हे बरोबर वाटत नाही. बायको रात्रभर आली नाही आणि हा माणूस दाढी करतोय."

"प्रत्येकाची तऱ्हा असते. भांडली असतील दोघं. ती खाली गावात उतरली असेल आणि याला सांगायची लाज वाटत असेल."

"मग दोन बॅगा कशाला अंथरायच्या?"

"तू शिवणीतला दोरा ओढायला लागलीस की सगळा कपडा उसवतेस," तो म्हणाला. रागाने नव्हे, पण विषय तिथे संपला.

मास्तर त्यांच्याबरोबरच निघाला. खरं तर नवऱ्याबरोबर. दोघांचीही चाल सारखी, लांब टांगांची. तासाभरात दोन पाठी तिच्यापुढे लहान लहान होत गेल्या. वळणावर काठी वर व्हायची, ती निघायची, पुन्हा वाट रिकामी. पुढच्या निवाऱ्यात ती पोचली तर मास्तरने चार मग मांडलेले होते. नवरा समोर बसून लिफ्टच्या दोरखंडांबद्दल काहीतरी सांगत होता आणि मास्तर ऐकत होता. तो ऐकायचा फार छान. माणसाला वाटावं, आपल्यासारखं महत्त्वाचं कोणी बोलतच नाही.

"बाईंची काही खबर?" तिने मुद्दाम विचारलं.

"येतेय ती. मागून येतेय," मास्तर म्हणाला. चौथ्या मगावर त्याने झाकण ठेवलं आणि ते नीट बसलंय ना, हे बोटाने चाचपून पाहिलं.

उलट दिशेने चालणारे दोघेतिघे तरुण त्या दुपारी तिथे टेकले होते. ती त्यांना बाजूला घेऊन म्हणाली, की मागे वाटेत एखादी बाई दिसली, एकटी, पाठीवर सामान नसलेली, तर तिला सांगा, तुमचे यजमान पुढे आहेत. आणि ती दिसली नाही, तर पहिल्या गावात पोचल्यावर वनखात्याच्या माणसांना तेवढं कळवा. त्यांनी कबूल केलं. परत वळली तर मास्तर दारात उभा होता.

"माझ्या बायकोची एवढी काळजी करू नका," तो म्हणाला. आवाजात साखर होती. "तिला कोणी वाट बघत थांबलेलं आवडत नाही."

त्या रात्री ती भिंतीला पाठ लावून झोपली.

दुसऱ्या दिवशीची वाट चढाची होती. खिंडीपर्यंत चढ, मग डोंगराच्या पोटातून आडवी वाट, एका बाजूला सुट्या खडीचा घसारा. धुकं इतकं, की पुढचा पांढरा पट्टा दिसला की हायसं वाटायचं. निघताना तिने नवऱ्याचा हात धरला. "आज माझ्याबरोबर चाला."

"धुक्यात घोळक्याने चालून काय होणार? पट्टे आहेत. वळणावर थांबतो मी."

"काठी दिसणार नाही या धुक्यात."

"मग शिट्टी वाजवतो."

पहिल्या वळणावर शिट्टी वाजली. दुसऱ्या वळणावर वाजली. त्यानंतर चढ लागला, ती स्वतःच्या श्वासाकडे लक्ष देत चालत राहिली, आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की शिट्टी आलेली नाही. पुढे गेले असतील, तिने स्वतःला समजावलं. खिंड आली. खिंडीत वारा होता आणि कोणी नव्हतं. नेहमीसारखं दगडावर बसून राहावं असं तिला वाटलं नाही. ती झपाझप निघाली. आडव्या वाटेवर पायाखालची खडी सरकत होती. एका घळीपाशी वाट फूटभर रुंदीची झाली होती. तिने डोंगराला हात लावून ती ओलांडली. खाली बघितलं नाही, आणि बघितलं असतं तरी धुक्याशिवाय काही दिसलं नसतं.

पलीकडे वाट रुंद झाली. कातळाच्या आडोशाला मास्तर बसला होता. समोर छोटा स्टोव्ह फुरफुरत होता. मांडलेले मग चार. चारही भरलेले. दोन मगांवर झाकणं.

"या," तो म्हणाला. "वेळेवर आलात."

"हे कुठे आहेत?"

"येतोय तो. मागून येतोय. चाल धीमी आहे त्याची."

ती उभ्या जागी थिजली. तिचा नवरा उभ्या जन्मात कुणाच्या मागून चालला नव्हता. आणि ती स्वतः मागूनच आली होती. मग तिला कातळाला टेकवलेल्या दोन सॅका दिसल्या. एक मास्तरची. दुसरीच्या पट्ट्यांवर निळ्या दोऱ्याची दुहेरी टीप होती. ती तिने स्वतः घातली होती.

मास्तरने तिच्या नजरेच्या मागोमाग नजर नेली. "ओझं मीच घेतलं," तो म्हणाला. "त्याला हलकं चालता यावं म्हणून."

ओरडावं, त्याची गचांडी धरावी, असं काहीच तिला सुचलं नाही. उलट डोकं अगदी थंड झालं. या माणसाला आत्ता नाराज करायचं नाही, एवढं एकच तिला कळत होतं. ती खाली बसली. त्याने दिलेला मग घेतला आणि एक घोट गिळला.

"छान झालाय," ती म्हणाली. "कुठे मागे राहिले हे?"

"तिकडेच. वळणावर." मास्तर मगावरच्या झाकणाकडे बघत होता. "तो म्हणाला, पट्टा दिसत नाही, जरा खाली बघतो. मग मी पुढे आलो."

"तुम्ही बघितलं नाही, वर आले का ते?"

"मागे वळायचं नसतं," मास्तर म्हणाला. मुलांना पाठ सांगावा तसं. "माणूस मागे वळला की संपलं. आपण पुढे चालत राहिलं की ती येतात मागून."

"हो," ती म्हणाली. "पण गारठा फार आहे. यांचा स्वेटर सॅकेत राहिलाय. तेवढा देऊन येते."

मास्तर उठला. तो उठल्यावर केवढा उंच आहे, हे तिला नव्याने जाणवलं. तो तिच्या आणि वाटेच्या मध्ये उभा राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. असलंच काही तर विनवणी होती, आणि तिलाच ती जास्त घाबरली.

"नका जाऊ," तो म्हणाला.

तिने स्वतःची सॅक पाठीवरून उतरवली आणि त्याच्या सॅकेशेजारी नीट उभी केली. "हे बघा, माझंही सामान इथेच ठेवते. तुम्ही त्यावर लक्ष ठेवा. आमचा चहा झाकून ठेवा. आम्ही येतो मागून."

ते शब्द ऐकल्यावर त्याच्या खांद्यांमधला ताठा गेला. तो बाजूला झाला. नवऱ्याच्या सॅकेतून तिने स्वेटर काढला आणि त्यात गुंडाळून औषधांची पिशवीही घेतली. तो बघत होता. पहिलं वळण येईपर्यंत ती सावकाश, अगदी फिरायला निघाल्यासारखी चालली. वळण मागे पडल्यावर धावली.

घळीपाशी आली आणि खाली तोंड करून तिने हाक मारली, "अहो!" धुक्यात तो शब्द कुठे गेला कळलं नाही. पुन्हा मारली. तिला वाटलं, या अख्ख्या डोंगरात "अहो" म्हणजे कोण? कोणी ओ द्यायची? मग तिने त्याला नावाने हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तीही इतक्या जोरात की घसा खरवडला.

खालून दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. थांबून पुन्हा एकदा.

ती बसून, घसरत, खडीबरोबर वाहत खाली गेली. तळवे सोलले. घळीत मध्येच एक अरुंद टप्पा होता, त्याच्यावर खुरटं झुडूप, आणि झुडपाला अडकून नवरा आडवा पडलेला. डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता. तोंड पांढरंफटक, ओठ निळे. हातात दगड.

"शिट्टी पडली," तो म्हणाला. "म्हणून दगड वाजवत होतो. तू वरून गेलीस ना मघाशी? खडी खाली आली. मला ओरडता येईना. श्वासच लागत नव्हता."

ती त्याच्याच डोक्यावरून गेली होती. त्यावर बोलायला वेळ नव्हता. तिने त्याला स्वेटर चढवला, काठीच्या दोन तुकड्यांमध्ये पाय बांधला. हात शिवणकामातला, म्हणून गाठी पक्क्या बसल्या. त्याला वर ओढणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. तिच्या गळ्यात शिट्टी होती. ती फुंकत राहायची, थांबायचं, ऐकायचं, पुन्हा फुंकायची.

बऱ्याच वेळाने वर खडी करकरली. तिने मान वर केली. हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

धुक्यात वाटेच्या कडेला उंच सावली उभी होती. दोन्ही हातांत एकेक मग. मास्तर खाली बघत होता. चार पावलं उतरून आला असता तर तो नवऱ्याला धरू शकला असता, इतपत अंतर. नवऱ्याने तिचा पंजा घट्ट धरला.

मास्तरने वाकून दोन्ही मग वाटेच्या कडेला ठेवले. वाकताना त्याच्या बुटाखालची खडी सुटली आणि यांच्या अंगावर आली.

"सावकाश या," तो वरून म्हणाला. "घाई नाही. मी पुढे थांबतो."

आणि गेला. त्याच्या पावलांचा आवाज येईनासा झाला तरी तिला शिट्टी फुंकायचा धीर होईना. नवराच म्हणाला, "फुंक. तो ऐकून यायचा असता तर आधीच उतरला असता."

शिट्टी ऐकली ती दोन नर्सबहिणींनी. दोघी सुट्टी घेऊन वाट चालायला आलेल्या, खिंडीतून खाली येत होत्या. एक खाली उतरली. दुसरी फोनला रेंज मिळेपर्यंत खिंडीकडे परत चढत गेली. संध्याकाळच्या आत वनखात्याची माणसं दोर आणि स्ट्रेचर घेऊन आली. नवऱ्याला वर घेतलं तेव्हा वाटेच्या कडेला ते दोन मग तसेच होते. कुणाच्या तरी पायाने एक कलंडला.

वनखात्याचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली होती. भिंतीवर ओले रेनकोट, टेबलावर वायरलेस, खिडकीत वाळत घातलेले मोजे. नवरा दवाखान्यात होता आणि ती तिथे ब्लँकेट पांघरून बसली होती. समोरची वनअधिकारी बाई तिच्या लेकीच्या वयाची असेल. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या तरुणांनी काल कळवलं होतं. पण यजमान बरोबर आहेत म्हटल्यावर आम्ही तशी घाई केली नाही."

मास्तर पुढच्या निवाऱ्यातच सापडला. तिघांच्या सॅका भिंतीशी ओळीने लावलेल्या, फळ्यांवर चार अंथरुणं घातलेली. माणसं आत आली तेव्हा तो उठून उभा राहिला आणि त्याने विचारलं, "तिघंही येताहेत ना?" कसलाही विरोध न करता तो त्यांच्याबरोबर निघाला. फक्त आपल्याला मागच्या दिशेने नेताहेत हे लक्षात आलं तेव्हा तो वाटेत खाली बसला आणि त्याला उचलून आणावं लागलं.

त्याची बायको सापडायला आणखी काही दिवस लागले. ती वाट सोडून कुठेही फुलं बघायला गेली नव्हती. एका ओढ्याच्या वर वाट खचली होती, तिथून ती खाली गेली होती. पडल्याबरोबर गेली नव्हती. तिने अंगातला लाल रेनकोट काढून, वरून दिसावा म्हणून एका फांदीला बांधला होता, पण फांदी ओढ्याकडे वाकली आणि वरच्या वाटेवरून तो कुणालाच दिसला नाही. तिथे पाण्याचा आवाज एवढा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. वनअधिकारी बाईने हे सगळं सांगितलं, आणि दिवसांचा हिशेब मात्र सांगायचा टाळला. हिने तो मनातल्या मनात केला. त्या ओढ्याच्या वरून ही दोघंही चालत गेली होती. त्या वेळी खाली ती बाई होती, आणि बहुतेक जिवंत होती.

पुढे मास्तरला एका इस्पितळात ठेवलं. त्याने बायकोला ढकललं, असं कोणी म्हटलं नाही. तसा पुरावाही नव्हता. डॉक्टरांचं म्हणणं, ती पडलेली त्याने पाहिली, आणि जे पाहिलं ते त्याच्या मनाने घेतलंच नाही. तो तसाच पुढे चालत राहिला. हिच्या नवऱ्याला जबाब द्यायला सांगितलं तेव्हा त्याने लिहून दिलं की माझा पाय घसरला. त्यावर प्रकरण मिटलं.

घरी आल्यावर ती पुन्हा त्या मागच्या खोलीत जायला लागली. पण दुपारी काम घरी आणायची, कारण नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि त्याला एकटं बसवत नव्हतं. कोणी दाराबाहेर जिन्यावर थांबलं की तो बोलता बोलता गप्प व्हायचा. नणंद येऊन दोघांची यथासांग कानउघाडणी करून गेली होती. नकाशा भिंतीवरून निघाला होता.

एका दुपारी मास्तरच्या मेव्हण्याचा फोन आला. म्हणजे गेलेल्या त्या बाईचा भाऊ. त्याला फक्त एवढंच विचारायचं होतं, की मास्तर तिच्याबद्दल काय बोलायचा. तिने सांगितलं की तो तिची वाट बघायचा. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

ती पुन्हा पँटची दुमड घालायला बसली. तोंडात टाचण्या होत्या. नवरा खिडकीशी पाय लांब करून बसला होता.

"माझ्या पाठीला हात लागला होता," तो म्हणाला.

तिने टाचण्या एकेक करून काढल्या आणि सुयांच्या उशीत टोचल्या. "कधी?"

"मी सॅक काढून ठेवली, पट्टा बघायला वाकलो, पायाखालची खडी सरकली. त्याच वेळी पाठीला त्याचा हात लागला. आधी खडी की आधी हात, ते मला सांगता येत नाही."

"मग तिथे का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? धरायला आला होता की ढकलायला, ते मलाच कळलं नाही. रोज आठवून बघतो. बोटं लागल्याचं आठवतं, पुढचं नाही."

गल्लीत कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"आज काय वाटतं?" तिने विचारलं.

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "काल वाटत होतं ढकललं," तो म्हणाला. "आज वाटतं, धरलं असेल."

तिने कपडा हातात घेतला. सुई ओवायला गेली, पण दोरा काही नेढ्यात जाईना. तिसऱ्या खेपेला तिने तो खाली ठेवला आणि उठून दाराची कडी नीट बसलीय ना, ते बघून आली.